मधुमेहावरील औषधांच्या किमतीचा इतिहास : मुंबईपासून घाटघरपर्यंत

सारांश

मधुमेह हा आयुष्यभर सोबत राहणारा विकार असल्यामुळे त्यावरील औषधांची किंमत हा रुग्णाच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. या किमती केवळ उत्पादनखर्चावरून ठरलेल्या नाहीत. पेटंट कायदा, दरनियंत्रण, न्यायालयीन निर्णय आणि वितरणव्यवस्था यांनी त्या वेळोवेळी घडविल्या आहेत. महाराष्ट्र हे देशातील औषधउद्योगाचे एक प्रमुख केंद्र आहे. प्रस्तुत लेखात या राज्याच्या संदर्भात हा इतिहास मांडला असून, जुन्नर तालुक्यातील घाटघरसारख्या दुर्गम गावाच्या दृष्टीने त्याचा अर्थ तपासला आहे.

बीजशब्द : मधुमेह, इन्सुलिन, पेटंट कायदा, दरनियंत्रण, अत्यावश्यक औषधे, जुन्नर.

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या माथ्यावर जीवधन किल्ल्याच्या परिसरात घाटघर हे गाव वसलेले आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांकडून जुन्नरमार्गे पैठणकडे जाणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग येथूनच जात असे. घाटातील लेणे, राणी नागनिकेचा शिलालेख आणि जकातीसाठी वापरला जात असल्याचे सांगितले जाणारे दगडी रांजण आजही त्या व्यापाराची साक्ष देतात. बंदरातील मालाची किंमत आणि माथ्यावरील त्याच मालाची किंमत यांत जकात, वाहतूक व व्यापाऱ्याचा नफा यांचे अंतर असे.

आज औषधे या घाटाने चढत नाहीत. ती मुंबई-पुण्याच्या घाऊक बाजारातून जुन्नरला येतात आणि तेथून सुमारे 30 किलोमीटर पश्चिमेला असलेल्या या गावातील रुग्णापर्यंत पोहोचायची असतात. या पट्ट्यात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती असून भातशेती, नाचणी-वरईचे पीक, हिरडा गोळा करणे आणि मजुरी ही उपजीविकेची साधने आहेत. असे उत्पन्न हंगामी असते. मधुमेहाच्या औषधाला मात्र हंगाम नसतो. ते रोज लागते. या दोहोंतील विसंगती हा प्रस्तुत विषयाचा गाभा होय.

मधुमेह : केवळ शहरी विकार नव्हे

मधुमेह हा सुखवस्तू शहरी लोकांचा रोग आहे, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर माता व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलोग्रॅम भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे 3.5 किलोग्रॅम होते. मात्र ही बालके किरकोळ दिसत असली तरी त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. गर्भावस्थेतील कुपोषण आणि पुढील आयुष्यातील मधुमेह यांचा संबंध या संशोधनामुळे ठळक झाला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्यात (2011) महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण 8.4 टक्के आढळले. शहरी भागात ते 10.9 टक्के, तर ग्रामीण भागात 6.5 टक्के होते. याच पाहणीच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशातील मधुमेही रुग्णांची संख्या सुमारे 10 कोटी 10 लाख आहे. ज्या कुटुंबांत एक पिढी अर्धपोटी राहिली, त्यांच्याच पुढच्या पिढीला महागडे औषध आयुष्यभर घ्यावे लागण्याचा संभव अधिक आहे. म्हणूनच औषधाच्या किमतीचा प्रश्न हा ग्रामीण दारिद्र्याचाही प्रश्न ठरतो.

एक डॉलरचे पेटंट आणि इन्सुलिनची बाजारपेठ

इन्सुलिनचा शोध 1921 मध्ये कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जेम्स कॉलिप आणि जे. जे. आर. मॅक्लिऑड यांच्या प्रयत्नांतून लागला. जानेवारी 1922 मध्ये ते प्रथमच एका किशोरवयीन रुग्णाला देण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांना उपासमारीसदृश आहारावर ठेवून मृत्यू लांबविण्याखेरीज फारसा उपाय नव्हता. 1923 मध्ये संशोधकांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एक डॉलर एवढ्या नाममात्र मोबदल्यात टोरांटो विद्यापीठाकडे सोपविले. हे औषध कोणा एकाच्या मक्तेदारीत अडकू नये, हा त्यामागील हेतू होता.

प्रत्यक्षात उत्पादनाचे तंत्र मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटले. प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून मिळणाऱ्या इन्सुलिनची जागा 1982 नंतर जनुकीय तंत्राने बनविलेल्या मानवी इन्सुलिनने आणि पुढे सुधारित इन्सुलिनने घेतली. प्रत्येक टप्प्यावर नवे पेटंट आले आणि जुने, स्वस्त उत्पादन बाजारातून मागे पडले. शोधाला शंभर वर्षे होत आली तेव्हाही जागतिक बाजारपेठेचा 90 टक्क्यांहून अधिक हिस्सा, मूल्याच्या हिशेबाने, तीन बहुराष्ट्रीय कंपन्यांकडेच होता.

या मक्तेदारीला छेद देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रातून झाला. वोखार्ट या कंपनीने 2003 मध्ये 'वोसुलिन' हे देशी बनावटीचे मानवी इन्सुलिन बाजारात आणले. पाठोपाठ 2004 मध्ये बंगळूरच्या बायोकॉनचे उत्पादन आले. देशी पर्याय उभा राहिल्यामुळे परदेशी कंपन्यांना भारतात स्पर्धेला सामोरे जावे लागले.

पेटंट कायदा आणि गोळ्यांच्या किमती

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत भारतात 1911 चा ब्रिटिशकालीन पेटंट कायदा लागू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959 च्या अहवालाने भारतातील बहुतांश पेटंटे परकीयांच्या मालकीची असून त्यांपैकी बहुसंख्यांचा उपयोग देशात उत्पादनासाठी होतच नाही, हे दाखवून दिले. अमेरिकेतील सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीनेही याच सुमारास भारतातील औषधांच्या किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींपैकी असल्याची नोंद केली होती.

पर्यायाच्या शोधात पुणे जिल्ह्याचे स्थान लक्षणीय आहे. मुंबईतील हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिबसिंग सोखी यांनी औषधनिर्मिती सार्वजनिक क्षेत्रात व्हावी, असा आग्रह धरला होता. 1954 मध्ये पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याने पेनिसिलिनच्या बाबतीत हा विचार प्रत्यक्षात आणला. खासगी क्षेत्रात 1935 मध्ये मुंबईत स्थापन झालेली सिप्ला आणि 1961 मध्ये मुंबईतच उभी राहिलेली भारतीय औषध उत्पादकांची संघटना यांनी पेटंट कायद्यातील बदलाचा पाठपुरावा केला. त्यातून 1970 चा कायदा संमत होऊन 1972 पासून अमलात आला. या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट न देता केवळ निर्मितीप्रक्रियेवर ते देण्याची तरतूद केली. पुढील काळात मेटफॉर्मिन, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या अनेक भारतीय कंपन्या बनवू लागल्या व त्या सामान्यांच्या आवाक्यात राहिल्या.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार 1 जानेवारी 2005 पासून उत्पादन-पेटंटाची तरतूद पुन्हा लागू झाली. तिचा परिणाम सिटाग्लिप्टिन या औषधाच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने 2013 मध्ये त्याची स्वतःची आवृत्ती बाजारात आणली. मूळ पेटंटधारक अमेरिकन कंपनी न्यायालयात गेली आणि 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ग्लेनमार्कला विक्रीस मनाई केली. जुलै 2022 मध्ये पेटंटची मुदत संपताच अनेक कंपन्या बाजारात उतरल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जनऔषधी केंद्रांत 50 मिलिग्रॅमच्या 10 गोळ्या 60 रुपयांना उपलब्ध झाल्या. नामांकित ब्रँडच्या तशाच पाकिटाची किंमत त्या वेळी 162 ते 258 रुपयांपर्यंत होती. मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या बाबतीत हीच घडण पुन्हा दिसली. गोळी तीच, घटकद्रव्य तेच. बदलली ती केवळ कायद्याची स्थिती. पेटंटच्या मुदतीत ज्यांना ही औषधे परवडली नाहीत, त्यांच्या दृष्टीने ही वर्षे परत येणारी नाहीत.

दरनियंत्रणाची मर्यादा

पेटंटबरोबरच दरनियंत्रण हे शासनाच्या हातातील दुसरे साधन होते. 1975 च्या हाथी समितीने अत्यावश्यक औषधांवर भर देण्याची आणि ब्रँडऐवजी मूळ नावांचा वापर करण्याची शिफारस केली. 1979 च्या आदेशाने 347 मूळ औषधे नियंत्रणाखाली आणली. 1987 मध्ये ही संख्या 142 वर आणि 1995 मध्ये 74 च्या आसपास घसरली. इन्सुलिन मात्र 1995 च्या यादीतही राहिले. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण 1997 मध्ये अस्तित्वात आले.

2013 च्या आदेशाने दर ठरविण्याची पद्धतच बदलली. उत्पादनखर्चाऐवजी बाजारातील 1 टक्का वा त्याहून अधिक वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी हा आधार मानण्यात आला. त्यामुळे ज्या औषधाचे सर्व प्रमुख ब्रँड महाग, त्याची कमाल किंमतही चढीच राहते. शिवाय यादीतील मेटफॉर्मिनची साधी गोळी नियंत्रणात असली तरी दुसऱ्या औषधाशी तिचे केलेले मिश्रण बहुधा नियंत्रणाबाहेर राही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अशी मिश्रणे सर्रास दिसत असल्याने कागदावरील नियंत्रणाचा लाभ रुग्णापर्यंत पूर्णांशाने पोहोचला नाही.

जुलै 2014 मध्ये प्राधिकरणाने जनहिताच्या विशेष अधिकारात मधुमेह व हृदयविकारावरील यादीबाहेरच्या 108 औषधांच्या किमतींवर मर्यादा घातली. सप्टेंबर 2014 मध्ये केंद्र शासनाच्या सूचनेनुसार या अधिकाराच्या वापराची मार्गदर्शक तत्त्वे मागे घेण्यात आली. तथापि आधी जाहीर झालेल्या किमती कायम राहिल्या. भारतीय कंपन्यांच्या संघटनेने त्यांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. 2016 मध्ये न्यायालयाने ही याचिका फेटाळली. 1970 च्या कायद्यासाठी झगडणारा देशी उद्योग साडेचार दशकांनंतर दरनियंत्रणाविरुद्ध न्यायालयात उभा राहिला, हा बदल अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. स्वस्त औषध हे उद्योगाच्या देशी असण्यातून आपोआप निष्पन्न होत नाही, हे त्यातून दिसते.

शेवटचे तीस किलोमीटर

किंमत कमी होणे आणि औषध हाती पडणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पुण्यातील आरोग्य कार्यकर्ते डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातील औषधांच्या पुरवठ्याचा व वापराचा अभ्यास 1998 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. औषधांचा तुटवडा आणि त्यांचा अनावश्यक वापर या दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात कशा एकत्र नांदतात, याकडे त्याने लक्ष वेधले. हे निरीक्षण सह्याद्रीच्या इतर भागांबाबतही विचारात घेण्याजोगे आहे.

रोज 40 युनिट इन्सुलिन लागणाऱ्या रुग्णाचा हिशेब पाहू जाता प्रश्नाचे स्वरूप उलगडते. भारतात प्रचलित असलेल्या 10 मिलिलिटरच्या कुपीत 400 युनिट असतात. म्हणजे एक कुपी दहा दिवस पुरते आणि महिन्याला तीन लागतात. कुपीच्या छापील किमतीत सिरिंज, रक्तशर्करा तपासण्याच्या पट्ट्या, जुन्नरपर्यंतचे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी मिळविली की खरा खर्च समजतो. यांपैकी कुपीची किंमत नियंत्रणात असते. भाडे आणि मजुरी कोणत्याही आदेशाच्या कक्षेत येत नाहीत. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. फ्रीज नसलेल्या घरात ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्याचा उपाय उपयोगी पडतो. तरीही एकदम महिनाभराचा साठा करणे अशा घराला जोखमीचे वाटते आणि फेऱ्या वाढतात. इन्सुलिनवरच जगणाऱ्या मुलाच्या बाबतीत एखाद-दोन दिवसांचा खंडही प्राणघातक ठरू शकतो.

शासनाने या दिशेने काही पावले उचलली आहेत. असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून राबविला जात आहे. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. औषधखरेदी 2017 मध्ये हाफकिन महामंडळाकडे सोपविली गेली आणि 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदीची यंत्रणा सहा वर्षांत दोनदा बदलावी लागली, यावरूनच पुरवठ्यातील सातत्य हा किती बिकट प्रश्न आहे याची कल्पना येते. निःशुल्क औषध साठ्यात नसेल तर रुग्णाला बाजारातील दुकानच गाठावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. मधुमेहावरील औषधांच्या किमती प्रामुख्याने कायदा व धोरण यांनी घडविल्या असून 1972, 2005, 2014 आणि 2022 ही त्यातील निर्णायक वळणे आहेत. या किमती खाली आणण्यात महाराष्ट्रातील संस्था, उद्योग आणि न्यायालय यांचा वाटा मोठा आहे. मात्र उद्योगाची भूमिका काळानुसार बदलली आहे. आजवरचे धोरण कारखान्यापासून दुकानापर्यंतच्या किमतीचा विचार करते, दुकानापासून घरापर्यंतच्या खर्चाचा करीत नाही.

यास्तव दुर्गम आदिवासी पट्ट्यांत गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रातून इन्सुलिन, सिरिंज व तपासणीच्या पट्ट्यांचा नियमित निःशुल्क पुरवठा होणे, तो साठविण्याची शीतव्यवस्था तेथे असणे आणि पावसाळ्यात रस्ते बंद पडण्यापूर्वी पुरेसा साठा पोहोचणे, या गोष्टींना दरनियंत्रणाइतकेच महत्त्व द्यावे लागेल. नाणेघाटाच्या माथ्यावर राहणाऱ्या रुग्णाला औषध कितीला पडते, हे मोजल्याशिवाय औषध स्वस्त झाले असे म्हणता येणार नाही.