चेंडू हाती, पंगत बाहेर : व्यावसायिक क्रिकेटपटू पालवणकर बाळू

१/ पगार महिना चार रुपये. काम : खेळपट्टीवर रोलर फिरवणे, रेषा आखणे, सरावाची जाळी उभारणे आणि साहेबांची इच्छा झाली की त्यांना चेंडू टाकणे. १८९२ च्या सुमारास पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात हे काम करणारा तरुण पुढे भारतीय क्रिकेटमधील पहिला थोर गोलंदाज ठरला. त्याचे नाव पालवणकर बाळू.

२/ जन्म १८७६, धारवाड. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, जातीने चर्मकार. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यात आले. छावणीतील अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हेच बाळू व धाकटा भाऊ शिवराम यांचे पहिले साहित्य.

३/ पहिली नोकरी पारशांच्या क्लबात, मैदान झाडण्याची. वेतन तीन रुपये. युरोपियनांच्या क्लबात गेल्यावर त्यात एका रुपयाची भर पडली. खेळाडूचे क्लब बदलणे आज बातमीचा विषय असतो. बाळूंच्या बाबतीत तो पोटाचा प्रश्न होता.

४/ जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज. तो सरावाला लवकर येई आणि बाळूंची डावखुरी फिरकी तासन्‌तास खेळे. बाद झाल्यावर दर वेळी तो आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडली तरी एवढे खरे की बाळूंची विद्या या जाळीत घडली.

५/ मात्र एक गोष्ट त्या क्लबात कधीच घडली नाही. शेकडो तास गोलंदाजी करणाऱ्या बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता, गोलंदाजी हे चाकराचे श्रम.

६/ पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज त्याच शहरात होता. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा विटाळाच्या कल्पनेवर मात करून गेली. पण केवळ मैदानाच्या सीमेपर्यंतच.

७/ मैदानात सवर्ण खेळाडू आणि बाळू एकाच चेंडूला स्पर्श करीत. चहापानाची वेळ झाली की बाळूंना मातीच्या भांड्यात, तंबूबाहेर चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे. विटाळ चेंडूला लागत नव्हता, कपाला लागत होता! या विसंगतीतच त्यांच्या सबंध कारकिर्दीचे सार आहे.

८/ १८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाली आणि त्या काळात बाळू मुंबईला आले. तेथे प्रथम लष्करात, मग बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी, आणि हिंदू जिमखान्याकडून सामने. पारशी, युरोपियन, हिंदू, लष्कर, रेल्वे : एका माणसाच्या उजळणीत त्या काळचे जवळजवळ सगळे आश्रयदाते येतात. व्यावसायिक खेळाडूला स्वतःचे घर नव्हते. होती ती फक्त दारे.

९/ फेब्रुवारी १९०६, मुंबई जिमखान्याचे मैदान. हिंदू २४२ आणि १६०. युरोपियन १९१ आणि १०२. हिंदूंचा १०९ धावांनी विजय, आणि बाळूंचे सामन्यात आठ बळी. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद मोठा होता. त्या आनंदाचा शिल्पकार अस्पृश्य होता, याची चर्चा वृत्तपत्रांतही झाली.

१०/ १९११ मध्ये पतियाळाच्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात एकट्याचे ११. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे होते, हे विसरू नये.

११/ मायदेशी परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्रामागे वीस वर्षांच्या एका तरुणाचा हात होता : भीमराव आंबेडकर. मैदानावरील यश समाजाच्या आत्मसन्मानाचे कसे होते, याचा हा आरंभीचा दाखला.

१२/ आता उरला होता एकच प्रश्न : कर्णधारपद. बाळू संघातील सर्वांत ज्येष्ठ आणि यशस्वी, पण नेतृत्व दर वेळी सवर्णाकडे. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना वगळण्यात आले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी जाहीर निषेध करून संघ सोडला.

१३/ निषेधाचा परिणाम झाला. अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले, आणि कर्णधार मैदानाबाहेर असताना काही काळ संघ त्यांनीच हाताळला. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले व संघाने ती स्पर्धा जिंकली. थोरल्याला नाकारलेले पद धाकट्याला मिळाले.

१४/ पुढे बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभे केले, तेही डॉ. आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. मानपत्रामागचा तरुण आणि सत्कारमूर्ती आता समोरासमोर होते. दोघांचे मार्ग भिन्न असले, तरी प्रश्न एकच होता.

१५/ ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. त्यांच्या उमेदीच्या काळात भारताचा कसोटी संघच नव्हता. तो आला १९३२ मध्ये.

१६/ बाळूंना पगार देणारे अनेक होते. त्यांच्या हाताची किंमत प्रत्येकाने ओळखली : कोणी तीन रुपये, कोणी चार, कोणी रेल्वेची नोकरी. त्या हाताच्या मालकाला आपल्या पंगतीत बसवणे मात्र बहुतेकांना जमले नाही. म्हणूनच ही आकडेवारी वाचताना तंबूबाहेरचे ते मातीचे भांडेही ध्यानात ठेवावे.

(समाप्त)