चार मिलिमीटर

परवा एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. त्याच्याकडच्या नव्या हार्नेस सॉफ्टवेअरच्या रिपोर्टात वायरची लांबी आपोआप जवळच्या दहा मिलिमीटरला येत होती. म्हणजे १२३४ ची १२३०. "बदलता येतं का रे हे?"

येतं की. पण आधी पटायला हवं, की शाळेतलं 'पाचाच्या आतलं सोडून द्या' इथे चालत नाही. वायर जास्त झाली तर वळवून टायने बांधता येते, कमी पडली तर ताणता येत नाही. म्हणून नेहमी वरच्या टप्प्याला जायचं, १२४०. तेही एकूण बेरीज झाल्यावर, एकदाच. ४१३, ४०४ आणि ४२३ अशा तीन तुकड्यांच्या मार्गाची खरी लांबी १२४०. प्रत्येक तुकडा जवळच्या दहाला आणून बेरीज केली तर १२३०. प्रत्येक तुकडा वर नेला तर १२६०, म्हणजे फुकटचं तांबं आणि वजन. हे असलं काही मी बोलत राहिलो आणि तो हसून म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीचं काय!"

एवढीशी? मला एअरबस ए३८० आठवलं.

त्या विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. मुंबईहून बेळगाव गाठूनही उरेल इतकी! धडाचे पुढचे-मागचे भाग जर्मनीत हॅम्बुर्गला तयार होऊन फ्रान्समध्ये तूलूझला जोडणीसाठी यायचे. तिथे वायरिंग बसवायला घेतलं, तर हार्नेस कनेक्टरपर्यंत पोचेनात. आता हा काही गोल आकड्यांचा दोष नव्हता, हे आधीच सांगतो. हॅम्बुर्गचे लोक कॅटिया या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, तूलूझचे पाचवी. दोन्हींचा मेळ नीट बसत नव्हता. त्यात वजन वाचवायला बऱ्याच ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या वायरी. त्यांना वळण मोठं लागतं, आणि वळण मोठं झालं की लांबीचं गणित बदलतं. शिवाय प्रत्येक विमान कंपनीची केबिन वेगळी, म्हणून वायरिंगही वेगळं. बदल येतच राहिले, आणि कॉम्प्युटरमधलं विमान व कारखान्यातलं विमान एकमेकांपासून दूर जात राहिली.

शेवटी हॅम्बुर्गहून माणसं तूलूझला आली आणि विमानात बसून हाताने वायरिंग सुधारू लागली.

१३ जून २००६ ला कंपनीने आणखी सहा-सात महिने उशीर जाहीर केला. दुसऱ्या दिवशी मूळ कंपनी ईएडीएसचा शेअर सुमारे २६ टक्के कोसळला. २ जुलैला ईएडीएसचे नोएल फोर्जार आणि एअरबसचे गुस्ताव हुम्बर्ट यांनी राजीनामे दिले. ३ ऑक्टोबरला तिसरा उशीर, आणि २०१० पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोंची घट येणार हा अंदाज. नवे प्रमुख क्रिस्तियाँ स्ट्रेफ तर तीन महिन्यांतच गेले. नोव्हेंबरात फेडएक्सने मालवाहू ए३८० ची ऑर्डर रद्द केली. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते १५ ऑक्टोबर २००७ ला.

'सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांनी विमान रखडवलं' असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. आवृत्त्या वेगळ्या आहेत हे तिथल्या ड्राफ्ट्समनला पहिल्या दिवसापासून दिसत असणार. फ्रेंचांनी बदलायचं की जर्मनांनी, हा निर्णय मात्र ड्राफ्ट्समनच्या टेबलावर होत नाही. एअरबस एक कंपनी झाली २००१ साली. त्याआधी ती चार देशांच्या भागीदारांची मोट होती, आणि मोटेची सवय कागदावर सही केल्याने सुटत नाही. (आपल्याकडच्या आघाडी सरकारांना हे कोणी समजावून सांगायला नको.)

असो. सहकाऱ्याला मी इतकं काही ऐकवलं नाही. नियम वरच्या टप्प्याचा कर, आणि गोल केलेल्या लांबीशेजारी मूळ लांबीचाही रकाना ठेव, एवढंच सांगितलं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: रकाना टाकला, पण प्रिंट आता आडव्या कागदावरही मावत नाही.