सातबारा उतारा, अंकीय स्वाक्षरीचा
गाव नमुना ७ व १२ यांचा संगणकीय, स्वाक्षरीयुक्त उतारा. मराठेशाहीत पत्राच्या शेवटी मोर्तब उमटवीत. त्यामुळे पुढे मजकूर वाढविणे कठीण होई. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अंकीय स्वाक्षरीस कायद्याची मान्यता मिळाली. महाराष्ट्रात असे उतारे १ मे २०१८ पासून मिळू लागले, कडेगावच्या (जि. सांगली) शेतकऱ्यासही ते संगणकावर उतरवून घेता येतात. स्वाक्षरी करताना मजकुराचा गणिती सारांश खाजगी किल्लीने कूटबद्ध होतो. पडताळणीत तो सार्वजनिक किल्लीने तपासला जातो. एक अक्षर बदलले, तरी पडताळणी फसते. केवळ स्वाक्षरीची खूण पाहणे म्हणजे मात्र पडताळणी नव्हे. शिवाय मूळ नोंद चुकीची असल्यास ती चूकही स्वाक्षरीने तशीच प्रमाणित होते. तिच्या दुरुस्तीसाठी महसूल खात्याकडेच अर्ज करावा लागतो.