विरोधातलं एक मत

परवा नातीला शाळेतून एक प्रकल्प मिळाला. आपल्या मतदारसंघातून आजवर लोकसभेवर निवडून गेलेल्या खासदारांची यादी करा, आणि शक्य झाल्यास फोटो चिकटवा. आजी निवृत्त शिक्षिका, तेव्हा हे काम आजीकडे येणार हे ठरलेलंच. मीही उत्साहाने चष्मा पुसून बसले.

१९५७ साली स्वामी रामानंद तीर्थ. १९७७ साली बापू काळदाते. १९८० साली काझी सलीम, हे उर्दूतले कवी. १९८९ आणि १९९१ ला मोरेश्वर सावे. १९९९ पासून सलग चार वेळा चंद्रकांत खैरे. २०१९ ला इम्तियाज जलील, अवघ्या ४,४९२ मतांनी. २०२४ ला संदिपान भुमरे. मधली नावंही सापडली. १९५२ पासून २०२४ पर्यंत अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. यादी पूर्ण झाल्यावर नात सहज म्हणाली, "आजी, यात एकही बाई नाही गं."

खरंच नाही. औरंगाबाद म्हणा, आता छत्रपती संभाजीनगर म्हणा, या मतदारसंघाने बहात्तर वर्षांत एकाही बाईला लोकसभेत पाठवलेलं नाही. मी जवळजवळ सगळ्या निवडणुकांत मतदान केलं, बत्तीस वर्षं मुलींना नागरिकशास्त्र शिकवलं, आणि ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. आता बोला!

यादीतल्या एका नावापाशी मात्र मी थांबले. २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत महिला आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं. बाजूने ४५४ मतं, विरोधात २. त्या दोघांपैकी एक हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि दुसरे आमचे खासदार, इम्तियाज जलील. जिथून कधी बाई निवडून गेली नाही, त्याच मतदारसंघाचं मत विरोधात पडलं! त्या रात्री टीव्हीवर आकडे बघताना मला राग यायला हवा होता. पण मला आठवलं ते तेरा वर्षांपूर्वीचं दुसरं एक मत. तेही महाराष्ट्रातल्याच माणसाचं होतं, आणि त्याने मला जास्त दुखावलं होतं.

९ मार्च २०१० ला हेच विधेयक, त्या वेळच्या रूपात, राज्यसभेत मंजूर झालं. बाजूने १८६, विरोधात १. ते एक मत शरद जोशींचं होतं.

तरुण वाचकांसाठी थोडं सांगते. शरद जोशींचा जन्म १९३५ चा, साताऱ्याचा. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून ते परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेऊन बसले. शेतमालाला भाव का मिळत नाही हे स्वतः शेती करून बघितलं, आणि त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. १९८० चं कांदा आणि उसाचं आंदोलन, १९८१ चं निपाणीचं तंबाखूचं आंदोलन. मराठवाड्यात तर त्या काळात गावोगाव छातीवर लाल बिल्ला लावलेली माणसं दिसायची. आमचा दादा त्यातलाच एक.

आमचं माहेर कन्नड तालुक्यातलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, तेव्हा वहिनी भाकरी बांधून ट्रकमध्ये बसून गेल्या होत्या. तोवर त्या यात्रेशिवाय कुठे गेल्या नव्हत्या. परत आल्यावर मी विचारलं, काय ऐकलंत? म्हणाल्या, "ताई, ऐकलं ते निम्मं कळलं. पण एवढ्या बाया एका जागी पहिल्यांदा बघितल्या."

पुढे १९९० च्या सुमारास जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग स्वखुशीने बायकोच्या नावावर करायचा. गावातल्या शंभर घरांनी केलं की ते लक्ष्मीमुक्ती गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांची नावं तेव्हा झाली. आमच्या गावात शंभर काही भरले नाहीत, पण दादाने दोन एकर वहिनींच्या नावे केली. भावकीत हसू झालं. "बायकोला सातबारा दिला, आता चूल तू फुंक" असं दादाला ऐकवलं गेलं.

२००३ साली दादा गेला. डोक्यावर कर्ज होतं. बरीचशी जमीन गेली. पण ती दोन एकर वहिनींच्या सहीशिवाय कुणाला हलवता आली नाहीत. त्यांनी सही केली नाही. दोन पोरं त्या दोन एकरांवर शिकली. मी हे ऐकीव सांगत नाही, सातबारा माझ्या हातांनी वाचलेला आहे.

म्हणून २०१० साली सकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि मला धक्का बसला. ज्या माणसाच्या शब्दाखातर माझ्या वहिनींच्या नावावर जमीन झाली, तोच माणूस बायकांच्या आरक्षणाच्या विरोधात? आणि तोही एकटा? मी चिडून वहिनींना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांनी काही कारणानं केलं असंल. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही वाचून सांगा मला."

मग वाचलं. जोशींचा आक्षेप बायकांनी संसदेत जाण्याला नव्हता. आक्षेप पद्धतीला होता. त्या विधेयकात एक तृतीयांश जागा राखीव होत्या, आणि त्या दर निवडणुकीत फिरत राहणार होत्या. तीन निवडणुकांत प्रत्येक मतदारसंघाची पाळी एकदा. म्हणजे आज राखीव जागेवरून निवडून आलेल्या बाईच्या मतदारसंघात पुढच्या वेळी आरक्षण नसणार. आपली जागा पुढच्या खेपेला राखीव होईल का हे पुरुष खासदारालाही माहीत नसणार. मग मतदारसंघात मन लावून काम करायचं कशासाठी आणि कुणी? चिठ्ठीतून नेतृत्व तयार होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

खरं सांगायचं तर तेव्हा मला हा युक्तिवाद वकिली वाटला. पटायला माझी एक जुनी विद्यार्थिनी कारणीभूत झाली. गंगापूर तालुक्यात दिलेली मुलगी. सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं म्हणून घरच्यांनी उभी केली, निवडून आली. पहिलं वर्ष नवराच ग्रामपंचायतीत बसायचा. दुसऱ्या वर्षी तिने त्याला घरी बसवलं. अंगणवाडीला खोली बांधून घेतली, शाळेत मुलींसाठी संडास बांधून घेतले, पाण्याच्या टाकीसाठी पंचायत समितीत खेटे घातले. पाच वर्षं संपली, नवी सोडत निघाली, पद खुलं झालं. पॅनलवाल्यांनी सांगितलं, बाई, आता तुमचं काय काम? मला भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, आत्ता कुठं मला फाईल वाचता यायला लागली होती."

त्या दिवशी जोशींचं म्हणणं मला कळलं. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट कळली. सोडतीची चिठ्ठी निघाली नसती, तर ही पोर ग्रामपंचायतीची पायरीसुद्धा चढली नसती. तिला उभी कोण करणार होतं? म्हणजे चिठ्ठीने तिला बाहेर काढलं हे खरं, पण आत आणलं तेही चिठ्ठीनेच. यातलं एक खरं मानून दुसरं सोडून द्यायला मी तयार नाही.

आता मतदानाविषयी. आपल्याकडे खासदार काय बोलतो हे आपल्याला माहीत असतं, तो मत कसं देतो हे सहसा माहीत नसतं. याला कारणं आहेत. बहुतेक साधी विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'हो' म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा, झालं काम. कुणाचंही नाव नोंदलं जात नाही. घटनादुरुस्तीला मात्र सभागृहाच्या एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं, म्हणून तिथे मतं मोजावी लागतात. आणि १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, तेव्हापासून पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. शरद जोशी त्यांच्या स्वतंत्र भारत पक्षाचे. त्यांच्यावर व्हिप चालवणारं कुणी नव्हतं. ज्या शिवसेना-भाजपच्या मदतीने ते २००४ ला राज्यसभेवर गेले, त्या भाजपने विधेयकाच्या बाजूने मत दिलं. जोशींनी नाही दिलं. एकटं पडायची त्यांना सवयच होती म्हणा. नोंदणीसाठी राजकीय पक्षाने समाजवादावर निष्ठा जाहीर करावी ही कायद्यातली अट काढून टाका, असं खासगी विधेयकही त्यांनी राज्यसभेत मांडलं होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. २०१० मध्ये त्या विधेयकाला विरोध करणारे पुष्कळ होते. ८ मार्चला कागद फाडले गेले, दुसऱ्या दिवशी सात सदस्य निलंबित झाले, मार्शलांना बोलवावं लागलं. काही पक्ष मतदानापासून दूर राहिले. इतका आरडाओरडा होऊन विरोधात नोंदलं गेलं ते एकच मत, आणि ते न ओरडणाऱ्याचं. पुढे ते विधेयक लोकसभेत मतदानाला आलंच नाही, २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. ज्यांनी बाजूने मत दिलं होतं त्या १८६ जणांच्या पक्षांना चार वर्षांत ते लोकसभेत नेता आलं नाही! मग सांगा, प्रामाणिक कोण?

इम्तियाज जलील यांचं कारण वेगळं होतं. ओबीसी आणि मुस्लीम महिलांना या आरक्षणात वेगळा वाटा नाही, म्हणून विरोध. त्यांचा पक्ष लोकसभेत दोघांचाच, आणि दोघांनीही विरोधात मत दिलं. त्यांचं राजकारण मला पटतं असं नाही. पण आमच्या शहरात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. माझ्या वर्गात मराठी माध्यमातून शिकलेल्या कितीतरी मुस्लीम मुली होत्या, त्यातल्या दोघी-तिघी वर्गात सगळ्यात छान बोलायच्या. लोकसभेत आजवर मुस्लीम बायका किती गेल्या? फार थोड्या. हे सत्य कुठल्या पक्षाच्या तोंडून आलं म्हणून खोटं होत नाही.

तरीही मी तिथे असते तर बाजूनेच मत दिलं असतं. अपुरा कायदा सुधारता येतो, नसलेला कायदा सुधारता येत नाही. गंमत म्हणजे २०२३ च्या कायद्यात राखीव जागा दर निवडणुकीला न फिरता मतदारसंघांच्या प्रत्येक फेररचनेनंतर फिरतील अशी तरतूद आहे. जोशींच्या आक्षेपाचं निम्मं उत्तर त्यात आलं. ते बघायला ते राहिले नाहीत, १२ डिसेंबर २०१५ ला गेले. पण आरक्षण जनगणना आणि फेररचना यांच्याशी बांधल्यामुळे २०२४ च्या निवडणुकीला ते लागू झालं नाही. ४५४ विरुद्ध २ इतक्या एकमताने झालेल्या कायद्यानंतर लोकसभेत बायका निवडून आल्या ७४. आधीच्या निवडणुकीत ७८ आल्या होत्या. महाराष्ट्रातून ४८ पैकी ७. बाजूने मत देणाऱ्या पक्षांना तिकिटं द्यायला कुणी अडवलं होतं?

असो. वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहेत. मागच्या दिवाळीत भेटल्या तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं, जोशींचं मत, त्याचं कारण, नवा कायदा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या जमिनीचं काम त्यांनी केलं. मताचं चुकलं असंल तर चुकलं. पण लपवलं तर नाही ना?"

नातीच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवायला सांगितला आहे: मतदान कसं केलं. तो बहुतेक नावांपुढे रिकामाच राहील. बाई विचारतील, हा रकाना कशाला? तिने काय उत्तर द्यायचं ते मी तिला सांगितलेलं नाही. तिचं तिला सुचू दे.