कागदाच्या भिंतीआड : जपानी घर आणि तेथील ख्रिस्तसभा

मनुष्य घर बांधतो आणि पुढे ते घरच मनुष्याला घडविते. म्हणून एखाद्या समाजाचे अंतरंग जाणून घ्यावयाचे असेल तर त्याच्या राजवाड्यांपेक्षा त्याच्या राहत्या घरांकडे पाहावे. जपान हा देश आपणांस हुतात्म्यांची भूमी म्हणून परिचित आहे. संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५ ऑगस्ट १५४९ रोजी त्या देशातील कागोशिमा येथे उतरले आणि वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. परंतु ज्या घरांत हे मिशनरी राहिले आणि पुढे ज्या घरांनी तेथील श्रद्धा सांभाळली, त्या घरांविषयी आपण क्वचितच विचार करतो. त्यांची ओळख करून घेण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

जुने जपानी घर लाकूड, बांबू, माती, गवत आणि कागद यांचे असे. दगडी जोत्यावर लाकडी खांब उभे करीत आणि छपराचा सारा भार हे खांबच पेलीत. सुतार एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत इतक्या अचूकपणे बसवीत की मुख्य सांध्यांत लोखंडी खिळ्याची गरज क्वचितच पडे. खांबांच्या मध्ये, आपल्याकडील कुडाप्रमाणे, बांबूच्या कामट्यांना माती लिंपलेली भिंत असे. पण बाहेरच्या बाजूला बहुधा भिंतीऐवजी सरकती दारे असत. लाकडी चौकटीवर पातळ पांढरा कागद ताणून केलेल्या दाराला ‘शोजी’ म्हणतात. त्यातून ऊन थेट येत नाही, मंद उजेड मात्र सर्व खोलीभर पसरतो. दोन खोल्यांमधील जाड कागदी दारांना ‘फुसुमा’ म्हणतात. ती काढून ठेवली की दोन खोल्यांचा एक प्रशस्त दिवाणखाना होतो. घराच्या कडेने ‘एनगावा’ ही लाकडी ओसरी असते आणि वळचण तिच्यावर बरीच पुढे आलेली असते. जपानचा पावसाळा आणि दमट उन्हाळा लक्षात घेतला म्हणजे या रचनेचे मर्म उमगते. घर उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधावे, असा सल्ला योशिदा केन्को या चौदाव्या शतकातील लेखकाने देऊन ठेवला आहे.

जमिनीवर ‘तातामी’ अंथरलेल्या असतात. भाताचा पेंढा घट्ट दाबून, त्यावर इगुसा नावाच्या लव्हाळ्याची चटई शिवून ही जाड बैठक तयार करतात. तिची लांबी सुमारे १८० सेंटीमीटर आणि रुंदी त्याच्या निम्मी. खोलीचे माप सांगताना जपानी माणूस चार तातामींची किंवा आठ तातामींची खोली असे सांगतो. एका मनुष्याला आडवे होण्यास लागणारी जागा हेच जणू मोजमापाचे एकक झाले. अशा बैठकीवर पादत्राणे घालून कोणी पाऊल ठेवीत नाही. खुर्ची नाही, पलंग नाही. रात्री अंथरूण घालावयाचे आणि सकाळी ते कपाटात ठेवावयाचे.

पंधराव्या शतकात या घराला ‘शोइन’ पद्धतीचे घडीव रूप आले. क्योतो येथील गिंकाकुजी मंदिराच्या आवारात १४८६ साली उभारलेल्या तोगूदो या वास्तूत साडेचार तातामींची एक खोली आहे. शोगुन आशिकागा योशिमासा याची ही अभ्यासिका शोइन पद्धतीचा आज उभा असलेला सर्वांत जुना नमुना समजली जाते. याच पद्धतीत ‘तोकोनोमा’ हा मोठा कोनाडा घराच्या सजावटीचे केंद्र झाला. त्यात एक चित्रपट टांगावयाचा, एखादे फूल ठेवावयाचे. ऋतू पालटला की तेही पालटावयाचे. इतर भिंती मोकळ्या ठेवावयाच्या. पाहुण्याला याच कोनाड्याजवळची जागा देतात.

सोळाव्या शतकात चहागुरू सेन नो रिक्यू यांनी हा साधेपणा आणखी पुढे नेला. यामाझाकी येथील ताइआन हे त्यांचे मानले जाणारे चहागृह अवघ्या दोन तातामींचे आहे. आत जावयाचे दार अगदी ठेंगणे. सरदार असो वा व्यापारी, प्रत्येकाला वाकून, गुडघ्यांवर सरकत आत जावे लागे, आणि सामुराईला तलवार बाहेर ठेवावी लागे. रिक्यूंच्या प्रमुख शिष्यांत ताकायामा उकोन हा ख्रिस्ती सरदार होता. श्रद्धेसाठी त्याने जहागीर गमावली आणि हद्दपारीत १६१५ साली मनिला येथे देह ठेवला. ७ फेब्रुवारी २०१७ रोजी ओसाका येथे ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादितांच्या मालिकेत स्थान दिले.

गोव्याहून १५६३ साली जपानला पोहोचलेल्या लुईस फ्रॉइश या येशूसंघीय धर्मगुरूंनी १५८५ साली युरोपीय व जपानी चालीरीतींची तुलना करणारा एक ग्रंथ लिहिला. त्यात घरांवर स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु घराचे निरीक्षण करणे वेगळे आणि त्यात राहणे वेगळे. जपानातील मिशनचे वरिष्ठ फ्रान्सिस्को काब्राल यांना स्थानिक रीती स्वीकारणे मान्य नव्हते. १५७९ साली आलेले पाहणी-अधिकारी आलेस्सांद्रो वालिन्यानो यांचे मत नेमके उलट होते. १५८१ साली त्यांनी मिशनऱ्यांसाठी आचारनियम लिहिले. मिशनची घरे जपानी पद्धतीने, जपानी सुतारांकडून बांधावीत. पाहुण्यांसाठी रीतसर बैठकीची खोली असावी. चहासाठी वेगळी जागा ठेवून तेथे एक जाणकार मनुष्य नेमावा. आणि घर जपान्यांइतकेच स्वच्छ राखावे, असे त्यांनी बजावले. चर्चची वेदी मात्र इमारतीच्या लांबीच्या टोकाला, आपल्या परंपरेप्रमाणेच असावी, असा त्यांचा आग्रह होता. क्योतो येथील १५७६ सालचे तिमजली चर्च बाहेरून जपानी वास्तूसारखेच दिसे. एका पंख्यावरील जुन्या चित्रात त्याचे रूप आजही पाहावयास मिळते.

ही घरे फार काळ टिकली नाहीत. १५८७ साली हिदेयोशीने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला. १६१४ साली देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि चर्च पाडली गेली. १६४४ सालानंतर जपानात एकही धर्मगुरू उरला नाही. शेजारच्या पाच-पाच घरांचे गट करून एकाच्या ‘अपराधाची’ जबाबदारी सर्वांवर टाकण्यात आली. जिथे दारे कागदाची आहेत आणि कुजबुजसुद्धा पलीकडे ऐकू जाते, अशा घरात श्रद्धा लपवावी तरी कोठे?

उत्तर त्याच घरात होते. शेतकऱ्याच्या घरात मागच्या बाजूला ‘नांदो’ नावाची एक बंदिस्त, काळोखी खोली असे. तेथे झोपत आणि चीजवस्तू ठेवीत. परक्याला तिथे प्रवेश नसे. समोरच्या खोलीत शिंतो देव्हारा आणि बौद्ध देव्हारा अधिकाऱ्यांना दिसेल असा मांडलेला असे. इकित्सुकी बेटावरील ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र आपली पवित्र चित्रे या नांदोमध्ये जपली. त्यांत पवित्र मरिया जपानी किमोनो नेसलेली, बालयेशूला कुशीत घेतलेली दिसते. ‘ओराशो’ म्हणजे लॅटिन व पोर्तुगीज शब्द मिसळलेल्या प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिल्या. ज्या घराची शोभा रिकाम्या जागेत होती, त्याच्या अडगळीच्या खोलीत दोनशेहून अधिक वर्षे ख्रिस्तसभा जिवंत होती.

१७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही गावकरी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये आले आणि त्यांनी फादर पेतिजाँ यांना आपली श्रद्धा हळूच सांगितली. त्यानंतरही तीन हजारांहून अधिक उराकामीवासीयांना हद्दपारी सोसावी लागली. बंदीचे फलक १८७३ साली उतरले. मग बेटांवर लाकडी चर्च उभी राहिली. हिसाका बेटावरील गोरिनचे जुने चर्च मुळात १८८१ साली बांधलेले आहे. बाहेरून ते कौलारू जपानी घर वाटते. आत गेल्यावर लाकडी कमानींचे गॉथिक छत दिसते. नारू बेटावरील १९१८ सालचे एगामी चर्च ज्यांनी बांधले ते तेत्सुकावा योसुके आजन्म बौद्ध राहिले. या प्रदेशातील वारशाला युनेस्कोने २०१८ साली जागतिक मान्यता दिली. तेथील अनेक चर्चमध्ये आजही पादत्राणे दाराशी काढूनच आत जातात. वालिन्यानोंना अभिप्रेत असलेली गोष्ट अखेर स्थानिक सुतारांच्या हातून पूर्ण झाली, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला ‘घरगुती ख्रिस्तसभा’ म्हटले. इकित्सुकीच्या शेतकऱ्यांनी हा शब्द कधी ऐकला नव्हता. त्यांच्याकडे धर्मगुरू नव्हते, मिस्सा नव्हती, घंटा नव्हती. होती ती आजीने नातवाला अंधारात शिकविलेली प्रार्थना. आपल्या घरांच्या भिंती आता पक्क्या झाल्या आहेत आणि प्रार्थनेला कोणाची मनाई नाही. संध्याकाळी रोझरीसाठी सारे कुटुंब एकत्र बसते का, एवढेच आपण स्वतःला विचारावे.