‘द हेक्टिक्स’ : पाचगणीच्या शाळेतला अल्पजीवी बँड

वाईहून पसरणी घाट चढून येणाऱ्या पर्यटकांच्या लेखी पाचगणी म्हणजे टेबललँड, स्ट्रॉबेरी आणि निवासी शाळा. १९५८च्या सुमारास यांपैकीच एका शाळेत पाच मुलांनी एकत्र येऊन एक बँड काढला. तो काही वर्षेच टिकला. त्याची एकही ध्वनिमुद्रिका निघाली नाही. तरीही रॉकसंगीताच्या इतिहासात त्याची आवर्जून नोंद घेतली जाते. कारण त्याच्या पियानोवर बसणारा मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध झाला. या बँडचे नाव होते ‘द हेक्टिक्स’.

झांझिबार ते पाचगणी

फारुख बलसाराचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात झाला. वडील बोमी तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. बलसारा हे आडनाव गुजरातमधील बुलसार, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये पाठवण्यात आले. ब्रिटिश धर्तीची ही निवासी शाळा. आईवडील समुद्रापार असल्याने सुट्टीत तो अनेकदा मुंबईला नातेवाइकांकडे राही. पुढे आलेल्या दातांमुळे सोबती त्याला ‘बकी’ म्हणत. ‘फ्रेडी’ हे नावही शाळेतच रूढ झाले.

शाळेत तो टेबल टेनिस उत्तम खेळे, नाटकांत काम करी, गायनवृंदात गाई. त्याची संगीताची ओढ मुख्याध्यापकांच्या लक्षात आली आणि पालकांच्या संमतीने वेगळे शुल्क भरून पियानोची शिकवणी सुरू झाली. त्याने पियानोच्या परीक्षांची चौथी श्रेणी गाठली. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो थोड्याच वेळात पियानोवर वाजवून दाखवत असे, अशी आठवण त्याच्या सहाध्यायांनी सांगितली आहे.

पाच जणांचा मेळ

त्या काळी भारतात पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत ऐकण्याचे हुकमी साधन म्हणजे रेडिओ सिलोन. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी त्यावरून डोंगरावरच्या वसतिगृहापर्यंत पोहोचत. तीच गाणी हेक्टिक्सचे भांडवल होती. ब्रूस मरे मुख्य गायक, डेरिक ब्रान्श गिटारवर, व्हिक्टरी राणा ड्रमवर आणि फरांग इराणी बास वाद्यावर, अशी रचना होती. हे बास वाद्यही गमतीचे होते. चहाच्या रिकाम्या खोक्याला दांडा आणि दोरी लावून ते तयार केले होते. पियानोवर अर्थातच फारुख. ज्याच्या आवाजाने पुढे स्टेडियम भारून टाकले, तो या बँडचा मुख्य गायक नव्हता, ही यातली मोठी गंमत.

पांढरे शर्ट, काळे टाय आणि तेल लावून चापून बसवलेले केस असा त्यांचा थाट असे. शाळेच्या समारंभांत त्यांना वाजवण्याची मुभा होती. शेजारच्या मुलींच्या शाळेतील विद्यार्थिनी हा त्यांचा सर्वांत उत्साही श्रोतृवर्ग होता.

लिव्हरपूलशी साम्य आणि फरक

खोक्याचा बास ही पाचगणीची खास उपज नव्हे. ब्रिटनमध्ये पन्नासच्या दशकात ‘स्किफल’ संगीताची लाट आली होती. घरगुती वस्तूंपासून वाद्ये बनवून हजारो मुले बँड काढत होती. जॉन लेननने १९५६ मध्ये लिव्हरपूलच्या शाळेत काढलेला ‘द क्वारीमेन’ हा त्यांपैकीच एक. त्यातही असाच बास होता.

साम्य मात्र येथेच संपते. क्वारीमेनची मुले एकाच शहरात राहत होती. शाळा सुटली तरी बँड सुटला नाही आणि त्यातूनच ‘बीटल्स’ उभे राहिले. निवासी शाळेतल्या बँडचे आयुष्य शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेले असते. हेक्टिक्सचे सदस्य वेगवेगळ्या गावांतून, देशांतून आले होते. शाळा संपताच ते पांगले आणि बँड आपोआप विसर्जित झाला. त्यांचे काही बिनसल्याने तो मोडला नाही.

पुढे काय झाले?

साठच्या दशकाच्या प्रारंभी फारुख झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाने इंग्लंडमध्ये आश्रय घेतला. लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात शिकल्यानंतर १९७० मध्ये त्याने ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासह ‘क्वीन’ची स्थापना केली. १९७५ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या त्याच्या सर्वांत गाजलेल्या रचनेच्या केंद्रस्थानी पियानोच आहे. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले.

इतरांच्या वाटाही कमी रंजक नाहीत. ब्रान्श ब्रिटनमध्ये अभिनेते झाले. ‘ओन्ली व्हेन आय लाफ’ या रुग्णालयावरील विनोदी दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी साकारलेल्या पात्राचे नाव चक्क ‘गुप्ते’ होते. १९८५ च्या ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ या चित्रपटातही ते दिसले. राणा नेपाळच्या सैन्यात उच्चपदी पोहोचले आणि संयुक्त राष्ट्रांच्या सायप्रसमधील शांतिसेनेचे त्यांनी नेतृत्व केले. मरे इंग्लंडला गेले, तर इराणी यांनी पुण्यात उपाहारगृह चालवले.

मौनातला अध्याय

प्रसिद्धीनंतर फ्रेडीने आपल्या भारतातील वर्षांविषयी क्वचितच बोलणे पसंत केले. त्याच्या हयातीत क्वीनचा भारतात एकही कार्यक्रम झाला नाही. त्याच्या जीवनावरील २०१८ च्या चित्रपटाला चार ऑस्कर पुरस्कार मिळाले. पण त्यातही पाचगणीला फारसे स्थान नाही. त्यामुळे हा अध्याय सांगण्याची जबाबदारी प्रामुख्याने त्याच्या वर्गमित्रांवर आली.

हेक्टिक्स कसे वाजवत, हे आता ऐकता येणार नाही. काही कृष्णधवल छायाचित्रे आणि सोबत्यांच्या आठवणी एवढाच त्यांचा दस्तऐवज. मात्र पियानोची शिस्त, रंगमंचाची सवय आणि समोरच्या श्रोत्यांना जिंकण्याची पहिली चव फारुखला सह्याद्रीतल्या या गावातच मिळाली. हेक्टिक्सचे महत्त्व आहे ते एवढ्याचसाठी.