तबकडीवरचे आवाज आणि मांडवातले धवले

जुन्या रेकॉर्डींवर बोलणार म्हटल्यावर गटातल्या काहीजणी हसल्या. म्हणाल्या, आपल्या घरात कुठं होता फोनो? खरं आहे. तो खोताच्या नाहीतर शेटच्या ओटीवर असायचा. पण ऐकायला पैसे पडत नव्हते. लग्नात कर्ण्यावरून, जत्रेत, हॉटेलात, पुढं रेडिओवर ‘आपली आवड’ आणि ‘वनिता मंडळ’ लागायचं तेव्हा, भात सडताना नि जाळं विणताना आपल्या आया-आज्यांनी या रेकॉर्डी पुन्हा पुन्हा ऐकल्या आहेत. ज्यानं ऐकलं त्याला मत असतं. आज आम्ही आमची मतं सांगणार आहोत. तुम्हाला पटली नाहीत तर कळवा.

थोडा इतिहास आधी. आपल्या देशात गाण्याच्या तबकड्या पहिल्यांदा भरल्या गेल्या त्या 1902 साली, कलकत्त्यात. विलायतेच्या ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला होता. त्याच्यासमोर गायली ती गौहरजान. गाणं संपलं की ती मोठ्यानं आपलं नाव सांगायची. हा तोरा नव्हता. तबकडी छापली जायची जर्मनीत आणि तिथल्या कामगाराला कोणती बाई गातेय ते कळायला हवं, म्हणून नाव उच्चारायची रीत पडली. 1908 साली कलकत्त्यातच कारखाना निघाला.

ही जुनी काळी तबकडी लाखेची. तीच लाख, जी बांगडीत असते आणि झाडावरच्या किड्यापासून मिळते. मिनिटाला 78 फेरे फिरायची. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, फार नाही. चावी भरली की यंत्र चालायचं, त्याला वीज लागत नव्हती, म्हणून ते खेड्यात पोचलं. हातातून पडली तर मात्र तबकडीचे खापरासारखे तुकडे.

सुरुवातीच्या रेकॉर्डींवर जास्त करून बायकाच का? कारण ‘घरंदाज’ म्हणवणाऱ्या घरातल्या बाईनं चारचौघांत गायचं नाही असा दंडक होता. गाणं हा ज्यांचा पोटाचा धंदा होता त्या कलावंतिणी, नायकिणी यंत्रासमोर बसल्या. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं त्यांचेच आवाज आज टिकले आहेत. पुढं हिराबाई बडोदेकर आल्या. तिकीट लावून जलसे करणाऱ्या पहिल्या बायकांत त्यांचं नाव घेतात. त्यांच्या रेकॉर्डी घरोघरी वाजल्या तेव्हा बाईचं गाणं माजघरात आलं. आमच्या मते त्या गोड आवाजाचं हे मोठं काम आहे. गोडवा तेवढा सगळ्यांनी वाखाणला, काम कोणी मोजलं नाही.

केसरबाई केरकर गोव्याच्या केरी गावच्या. स्वभाव कडक. रेकॉर्डवर फार थोडं गायल्या. पण त्यांची एक भैरवी आज आकाशात आहे. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांच्यावर पृथ्वीच्या आवाजांची सोनेरी तबकडी बसवली. त्यात आपल्या देशातलं एकच गाणं घेतलं, ते केसरबाईंचं, साडेतीन मिनिटांचं. त्याच वर्षी बाई वारल्या. आमच्या गटात ही भैरवी लावली तर निम्म्या जणी म्हणाल्या, शब्द कळत नाहीत. एक म्हातारी म्हणाली, ‘शब्द कशाला? बाय सासरी निघाली की शब्द फुटतात का?’ यापुढं आम्ही काय बोलणार?

पुढं लांब रेकॉर्ड आली. एका बाजूला वीस मिनिटं आणि वर. मग राग सावकाश गाता येऊ लागला. किशोरी आमोणकरांची एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री अशी जी रेकॉर्ड आहे ती आम्ही सगळ्यांत वर ठेवू. शास्त्रीय गाणं आपलं नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी भूप आधी लावावा, पहाटे नको, दिवेलागणीला, चुलीपाशी. भूपात पाचच सूर. आपल्या कितीतरी ओव्या आणि पाळणे एवढ्याशाच सुरांत फिरतात.

आता गीतरामायण. इथं आमच्यात चांगलंच भांडण झालं. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीनं ते सुरू केलं. ग. दि. माडगूळकरांनी दर आठवड्याला एक गीत लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, असं वर्षभर चाललं. 56 गीतं झाली. गीत लागायच्या वेळी लोक रेडिओपुढं हात जोडून बसत, उदबत्ती लावत, हे आपल्या सासवांनी सांगितलेलं आहे. पण एक गोष्ट आता फारशी कोणाच्या ध्यानात नसते. रेडिओवर ते एकट्याचं गाणं नव्हतं. माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे आवाज होते. सीता बाईच्या आवाजात बोलत होती. नंतर रेकॉर्ड निघाली ती फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात आणि घराघरांत तीच राहिली. फडके गातात ते अप्रतिम, शब्द न् शब्द स्वच्छ लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण वनात सोडलेल्या सीतेचा प्रश्न तिनं स्वतः विचारायचा की दुसऱ्यानं तिच्या वतीनं, यात फरक आहे. आमच्यातल्या तिघी म्हणतात, भक्तीला आवाज बाईचा की पुरुषाचा, काय करायचंय? बाकीच्या आमच्या बाजूनं. हा निकाल लागलेला नाही.

अभंगांत मात्र आमचं एकमत आहे. लताबाईंनी श्रीनिवास खळ्यांच्या चालींवर तुकोबाचे अभंग गायले ती रेकॉर्ड आणि भीमसेन जोशींची संतवाणी, दोन्ही हव्यात. एकीत तुकोबा देव्हाऱ्यापुढं शांत बसलेला वाटतो, दुसऱ्यात तो वाळवंटात टाळ घेऊन उभा आहे. पायी वारी केलेल्या बायकांना दुसरी जवळची वाटते, हे आम्ही पाहिलं आहे.

लावणीबद्दल बोलायला पूर्वी बायका लाजत. रेडिओवर लागली की आवाज बारीक करायचा. सुलोचना चव्हाण दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, जागचं न हलता लावणी म्हणत. सगळी अदा गळ्यात. नाच बघायला आलेला माणूस गाणं ऐकून जायचा. आम्हाला त्या फार आवडतात.

आता आपल्या दर्याकडं येऊ. कोळीगीतांची सगळ्यांत गाजलेली रेकॉर्ड लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांची. शब्द शांता शेळक्यांचे, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. शांताबाईंचा जन्म इंदापूरचा, घाटावरचा. हेमंतकुमार तर बंगाली. कोळी त्यात कोणी नाही, तरी मुरुडपासून मोऱ्यापर्यंत कुठल्याही हळदीत ही गाणी लावा, कोळणी आपलीच म्हणून नाचतात. इतकं एखादं गाणं मुरावं, हे नवलच. पण आमच्यातल्या म्हावरं विकणाऱ्या बहिणीचं म्हणणं नोंदवलंच पाहिजे. ती म्हणते, त्या गाण्यांत वारा आहे, होडी आहे, नाखवा आहे. पहाटे बंदरावर लिलावात उभी राहणारी, डोक्यावर पाटी घेऊन बस पकडणारी, बर्फाचे पैसे मोजणारी त्यात नाही. दर्या देखणा आणि धंदा गायब. शाहीर विठ्ठल उमपांच्या कोळीगीतांत तिला आपली माणसं जास्त भेटतात.

कॅसेट आली आणि सगळं बदललं. 1980 च्या सुमारास टेपरेकॉर्डर स्वस्त झाले. रेकॉर्डचा कारखाना मोठ्या कंपनीचा, कॅसेट मात्र कुणीही भरू शकत होतं. ज्यांना पूर्वी कोणी यंत्रासमोर बसवलं नसतं ते आवाज बाजारात आले. प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची गाणी म्हणत आणि बाबासाहेबांचीही. त्याच गळ्याला देवळातले आणि बुद्धविहारातले, दोघेही आपला म्हणत. आपल्याच जिल्ह्यात महाडला 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. पोथ्या-पुस्तकं वाचू न शकणाऱ्या कितीतरी बायकांना तो इतिहास भीमगीतांच्या कॅसेटनं पाठ झाला. उत्तम रेकॉर्डींच्या याद्या निघतात त्यात या कॅसेटी दिसत नाहीत. आमच्या यादीत त्या वरच्या ओळीत आहेत. वेसावकर आणि मंडळींच्या कोळीगीतांनी नंतर वरातीतला बेंजो गाजवला, तोही कॅसेटवरूनच.

अलिबाग, रेवदंड्याच्या बाजूला बेने इस्रायली म्हणजे आपले शनवार तेली शेजारी राहत. त्यांची कीर्तनं, त्यांची देवाची गाणी मराठीत होती. बहुतेक घरं इस्रायलला गेली, पण तिथं त्यांच्या बायका वह्यांत उतरवून ठेवलेली ती मराठी गाणी म्हणत राहिल्या. रेकॉर्ड नसली तरी वही असते.

आणि ज्याची वहीही नाही, ते धवले. आपल्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण गाते. देवांना मांडवात बोलावणं, हळद, मुहूर्त, एकेका विधीचा धवला वेगळा. ती नुसती गाणारी नाही, लग्न लावणारी आहे. आता भटजी आणि डीजे यांच्यामध्ये तिला अर्धा तास मिळतो, कुठं तोही नाही.

जात्यावरच्या ओव्यांचं काम झालं, तसं हे होऊ शकतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी बायकांना सोबत घेऊन गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. कोणती ओवी कोणत्या बाईनं म्हटली, कोणत्या गावात, हे लिहून ठेवलं. पुढं त्यांतल्या पुष्कळ आवाजात भरून घेतल्या. आमच्या लेखी मराठीतली सगळ्यांत मोठी रेकॉर्ड ती, आणि ती कुठल्या कंपनीनं काढली नाही.

आपल्याकडं तर धवले भरलेले आहेतही. 1980-90 मध्ये ज्यांची लग्नं झाली त्यांच्या घरी टेप केलेल्या कॅसेटी पडून असतील. माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत. खाऱ्या दमट हवेनं फितीला बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर ती चांगल्या यंत्रात घालू नका, बुरशी यंत्राला लागते आणि तिथून दुसऱ्या कॅसेटला. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन बारीक प्लास्टिकचे दात तोडून टाका, म्हणजे पोरं त्यावर चुकून दुसरं काही भरणार नाहीत. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. आणि सुरुवातीला गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, कोणाचं लग्न, कोणतं साल, हे मोठ्यानं बोलून ठेवा. गौहरजान करायची तसं. फक्त बाई हयात असेल तर आधी तिला विचारा.

आम्ही एका धवलारीणबाईंना विचारलं. वय झालेलं, दात नाहीत, आवाज खणखणीत. म्हणाल्या, ‘देवांना फुकट हाक मारायची नसते. मांडव घाला, सुपारी ठेवा, मग म्हणते.’ म्हणून आम्ही लग्नसराईची वाट बघतो आहोत. माघात आमच्या पाड्यावर दोन लग्नं आहेत, दोन्हीकडं डीजेवाल्याला सांगून ठेवलंय.